जेवणाच्या वेळा मोजून झाल्या, आता डाळ मोजू

गेल्या येळवशीला आमच्या शेतात दोन चुलतभावांची जुंपली. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, तिच्यापुढे घोंगडीवर पंगत, भगुल्यात ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, मडक्यात आंबील, परातीत ज्वारीचे उंडे. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर-धाराशिवकडचा माणूस गावात थांबत नाही, शेत गाठतो. थोरला म्हणत होता, दिवसातून दोनदाच जेवायचं, मधे पाण्याशिवाय काही नाही, शुगर आपोआप पळते. धाकटा म्हणत होता, दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, उपाशी राहिलं की शुगर वर जाते. दोघांनी मोबाइल काढले. दोघांकडेही डॉक्टरांचे व्हिडिओ होते. या दोघांच्या मधे बसली होती आमची आत्या. वय बासष्ट, आठ वर्षांपासून शुगर. तिनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि विचारलं, "आरं, पर खाऊ काय ते सांगा की." उत्तर कुणाकडेच नव्हतं. सगळी चर्चा घड्याळाची चालली होती, ताटाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

हे भांडण घराघरात चाललंय. भिशीत, शिक्षकांच्या खोलीत, एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत. माझं मत आधीच सांगून टाकतो. टाइप टू मधुमेह आहारानं आटोक्यात येतो, आणि काही जणांचा तर गोळ्या बंद करण्याइतका मागे हटतो, हे मी मनापासून मानतो. पण ते दिवसातून किती वेळा जेवलात यावर फारसं ठरत नाही. एकूण किती खाल्लं, त्यात पिष्ट म्हणजे कार्बोहायड्रेट किती आणि प्रथिनं किती, पोटाचा घेर उतरला का, यावर ठरतं. आणि मराठवाड्यात ताटात काय पडावं हे जेवणारा एकटा ठरवत नाही. रेशनचं दुकान ठरवतं, धान्याचा मोंढा ठरवतो, घरात वाढण्याची रीत ठरवते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनं देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि त्यांच्या मागे उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी लोक असल्याचं सांगितलं. इतक्या लोकांचा आजार ज्याच्या त्याच्या जिभेवर सोडून चालणार आहे का?

आता समोरच्या बाजूला तिचं देणं देतो, आणि ते मोठं आहे. दोन वेळा जेवणाची चळवळ आपल्या लातुरातूनच उभी राहिली. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असताना व्याख्यानांमधून महाराष्ट्रभर नेला. कडकडून भूक लागेल तेव्हा जेवा, ५५ मिनिटांत जेवण संपवा, रोज ४५ मिनिटं चाला. सांगणं सोपं, खर्च शून्य. ज्या गावात 'तीन महिन्यांची शुगर' (एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) हा शब्द डॉक्टरच्या चिठ्ठीपलीकडे कुणाला माहीत नव्हता, तिथे लोक तपासणीचे कागद एकमेकांना दाखवू लागले. दिवसभरातले सहा-सात चहा, त्यांच्यासोबतची बिस्किटं, संध्याकाळचा फरसाण बंद झाला. चहाचंच बघा. एका कपात दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर. पाच चहा म्हणजे ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो, तीही एका माणसाची. एवढी साखर सुटली तर वजन उतरणारच. ज्यांची शुगर खरोखर उतरली त्यांना खोटं पाडण्याचा कुणालाही अधिकार नाही.

त्यांच्या बाजूनं शास्त्रीय पुरावाही आहे. २०१४ मध्ये प्रागच्या संशोधकांनी ५४ मधुमेही रुग्णांना बारा आठवडे सहा छोटी जेवणं दिली आणि बारा आठवडे दोन मोठी. उष्मांक दोन्हीकडे सारखेच. दोन जेवणांच्या काळात वजन जास्त उतरलं, यकृतातली चरबीही जास्त घटली. दर दोन तासांनी खाण्याचा सल्ला देणाऱ्यांना याचं उत्तर द्यावं लागेल. पण हाच प्रयोग नीट वाचला तर दोन गोष्टी दिसतात. वजन दोन्ही पद्धतींत उतरलं, कारण रुग्णांना गरजेपेक्षा ५०० उष्मांक कमी दिलेले होते. आणि त्या रुग्णांची दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. सूर्य मावळल्यावर पोटात काही नाही. आपल्याकडे दोन जेवणांचा अर्थ काय झाला? सकाळी अकराला एक आणि रात्री नऊला, मालिका बघत, एक. शिवाय 'दोनदाच जेवायचंय' म्हणून दोन्ही वेळा ताट शिगोशीग. आपल्या बायका एकादशीबद्दल जे म्हणतात, 'एकादशी, दुप्पट खाशी', तेच इथे रोज घडतं.

आणि याहून मोठी गोष्ट या वादात कुणीच बोलत नाही. मराठवाड्यातला कष्टकरी माणूस पिढ्यान् पिढ्या दोन वेळाच जेवत आलाय. बीडचा ऊसतोड मजूर पहाटे फडात जातो, उन्हं चढल्यावर भाकरीचं फडकं सोडतो, मग रात्री खोपीवर चूल पेटल्यावर जेवतो. खुरपायला जाणाऱ्या बाईचंही तेच. माझ्या आत्याला थोरल्यानं 'दोनदाच जेव' म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "दोन येळाच खायलाव की रं जनमभर. तरीबी झालीच की शुगर." हे वाक्य मला त्या दोन्ही व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवून गेलं. जे बहुसंख्य लोक आधीपासूनच करतात, तेच औषध म्हणून त्यांना परत कसं देणार? दोन जेवणांचा सल्ला ज्यांना लागू पडला ते दिवसभर तोंड चालू असणारे, खुर्चीवर बसून काम करणारे लोक होते. त्यांना फायदा झाला तो मधलं खाणं सुटल्याचा. त्यांच्या अनुभवावरून सगळ्या जिल्ह्याला कायदा लावणं चूक आहे.

मग नेमकं काय घडलं की हा आजार मागे हटतो? याचं सगळ्यांत स्वच्छ उत्तर स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडातल्या साध्या दवाखान्यांमध्ये झालेल्या एका प्रयोगानं २०१७ मध्ये दिलं. सहा वर्षांच्या आत मधुमेह निघालेले, इन्शुलिन न घेणारे, जास्त वजनाचे ३०६ रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० उष्मांकांचा द्रव आहार, मग हळूहळू साधं जेवण. वर्षाअखेर या गटातल्या ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय मर्यादेत होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण होतं ४ टक्के. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात ८६ टक्के. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी निघाली की इन्शुलिनचं काम पुन्हा सुरू होतं, हे न्यूकॅसलचे प्राध्यापक रॉय टेलर बरीच वर्षं सांगत होते, ते मोठ्या प्रमाणावर दिसून आलं. पण दुसऱ्या वर्षी ४६ चे ३६ टक्के झाले, हेही त्याच दमात सांगायला हवं. वजन परत चढलं की शुगर परत चढते. आजार 'मुळापासून गेला' असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. वैद्यकात याला गेला म्हणत नाहीत, थांबला म्हणतात: औषध बंद करून किमान तीन महिने, तीन महिन्यांची शुगर ६.५ च्या खाली.

इथे आपल्याकडचा माणूस विचारतो, आणि रास्त विचारतो, की आमचं वजन कुठं एवढं आहे? पंधरा किलो उतरवायचे तर हाडंच उरतील. आत्याचं वजन ५२ किलो. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र पुढे आलेलं. या शरीराचा अभ्यास पुण्यात झालाय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं तंतोतंत सारखं, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली साडेतीन किलोची. आपलं बाळ लहान जन्मतं ते स्नायूंच्या बाबतीत, चरबी मात्र राखून ठेवतं. आईच्या पोटात पुरेसं पोषण न मिळालेलं शरीर पुढे साखर साठवायला जागा शोधतं आणि स्नायू नसल्यामुळे ती चरबीच्या रूपात पोटावर साठवतं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बाया खडी फोडत होत्या, सुकडी आणि मिलो या मदतीच्या अन्नावर दिवस काढत होत्या. त्यांच्या पोटात तेव्हा जी मुलं होती ती आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. आज दवाखान्याच्या ओळीत त्याच वयाची माणसं इतकी का दिसतात, याचं एक उत्तर त्या दुष्काळात असावं असा माझा तर्क आहे. तो तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण अशा शरीराला नुसतं 'कमी खा' सांगणं अपुरं आहे, एवढं तर त्या पुण्याच्या कामावरून उघड आहे. त्याला चरबी उतरवायची आहे आणि स्नायू कमवायचे आहेत. स्नायू प्रथिनांतून आणि कष्टातून येतात, उपासातून येत नाहीत. चरकानं प्रमेहाचे दोन रुग्ण वेगळे सांगितले होते: एक स्थूल आणि बलवान, एक कृश आणि दुर्बल. पहिल्याचं शोधन करा, म्हणजे शरीर साफ करा, दुसऱ्याचं बृंहण करा, म्हणजे त्याला पोसा. इतकी जुनी समज आपल्या घरात असताना आपण ५२ किलोच्या बाईला आणि ९५ किलोच्या कंत्राटदाराला एकच फॉरवर्ड पाठवतो.

आता ज्वारी. या विषयावर मराठवाड्यात बोलायचं म्हणजे मनात कापरं भरतं, कारण ज्वारी आमची आई आहे. मालदांडीची पांढरी, चंद्रासारखी भाकरी, तव्यावरून आरावर टम्म फुगलेली, आणि वर शेंगदाण्याची चटणी: यावर मी वाढलोय. जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरातलं कुणी पास झाल्यासारखा आनंद झाला. कोरडवाहू रानात कमी पाण्यात येते, जनावराला कडबा देते, भातापेक्षा तंतुमय आहे, पोटात जास्त वेळ राहते. हे सगळं कबूल. पण 'भाकरी खाल्ली की शुगर वाढत नाही' हे गावोगाव पसरलेलं वाक्य चुकीचं आहे, आणि त्यानं नुकसान होतंय. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ६८ ग्रॅम पिष्ट असतं आणि १० ग्रॅम प्रथिनं. गव्हाच्या घरच्या पिठात ६४ आणि साडेदहा. फरक किती? मी एकदा आत्याच्या भाकरीचं पीठ तराजूत घालून पाहिलं. एका भाकरीला ११० ग्रॅम. ती एका वेळी दोन खाते. म्हणजे दिवसाला ४४० ग्रॅम पीठ, ३०० ग्रॅम पिष्ट. वर भाताची मूद आणि चहा वेगळाच. तिनं पोळी सोडून भाकरी धरली तेव्हा डॉक्टरांनी शाबासकी दिली, शेजारणींनी शाबासकी दिली, पण साखरेनं दिली नाही. २०२५ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेच्या त्याच देशव्यापी अभ्यासाचा आहाराचा भाग प्रसिद्ध झाला. आपल्या देशात सरासरी ६२ टक्के उष्मांक पिष्टातून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२. नुसतं तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्याचं पीठ आणल्यानं मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही, एकूण पिष्ट उतरलं पाहिजे. पिष्टाचा थोडा वाटा डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्याच्या प्रथिनांना दिला की धोका कमी दिसतो. ज्वारी हटवा असं मी म्हणत नाही. चारच्या दोन भाकरी करा आणि रिकाम्या झालेल्या जागेत डाळ, मठ, हरभरा, अंडं, ताक, अंबाडी-तांदुळजाची भाजी येऊ द्या, एवढंच माझं म्हणणं.

यावर हमखास येणारा आक्षेप: "आमचा आज्जा एका बैठकीला सहा भाकरी हाणायचा, त्याला कुठं शुगर होती?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आज्जा खरंच सहा भाकरी खायचा आणि काटक होता. पण आज्जा त्या सहा भाकऱ्यांवर मोट हाकायचा, नांगर धरायचा, बाजाराला चालत जायचा. अंगातली साखर जाळण्याची सगळ्यांत मोठी भट्टी म्हणजे स्नायू. भट्टी दिवसभर पेटलेली असे, म्हणून जळण पुरत नसे. आज रान ट्रॅक्टर नांगरतो, सोयाबीन हार्वेस्टर काढतो, आणि आपण बांधापर्यंत मोटारसायकलवर जातो. भट्टी विझली, जळणाचा ढीग तेवढाच राहिला. आणि आज्जाला शुगर नव्हती हे तरी कुणी तपासलं होतं? पायाला जखम होऊन ती चिघळली, 'पाय सडला' आणि म्हातारा गेला, अशा किती गोष्टी प्रत्येक घराण्यात आहेत.

दुसरीकडे गोळ्यांवरून जे चाललंय ते याहून घातक आहे. एक गट म्हणतो, गोळी चालू आहे ना, मग काहीही खा. दुसरा म्हणतो, गोळ्या म्हणजे विष, आजच फेकून द्या. दुसऱ्या गटाला मी एवढंच सांगेन की १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं, त्याआधी मधुमेही मुलांवर आहार हाच एकमेव उपाय होता. अमेरिकेतले डॉ. फ्रेडरिक ॲलन त्यांना जवळजवळ उपाशी ठेवत. त्यानं मुलं काही महिने, काही वर्षं जगत, हाडांचे सापळे होऊन. टाइप वनच्या मुलांच्या आईबापांना आजही कुणीतरी 'डाएटनं बरं होतं' म्हणून सांगतं, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. इन्शुलिनचं शरीरातलं उत्पादनच थांबलेल्या मुलाचं इन्शुलिन तोडणं म्हणजे जीव घेणं आहे.

आणि पहिल्या गटाला आत्याची गोष्ट. येळवस झाल्यावर तिनं थोरल्याचं ऐकून जेवणाची वेळ बदलली. पूर्वी नऊला भाकरी खायची, आता अकरापर्यंत थांबू लागली. गोळी मात्र पहिल्यासारखी सकाळी सातला. तिच्या गोळीत मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड आहे. हे दुसरं औषध जेवण असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. चौथ्या दिवशी दहाच्या सुमाराला चुलीपुढे बसल्या बसल्या तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध झालं. वहिनीनं साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. रानात एकटी असती तर? तिला व्हिडिओ पाठवणाऱ्यानं, ऐकवणाऱ्यानं, गोळी लिहिणाऱ्यानं, कुणीही एक वाक्य सांगितलं नव्हतं: जेवण बदलायचं असेल तर आधी गोळी बदलून घ्या. आपल्याच नांदेड-संभाजीनगरच्या मोहल्ल्यांमध्ये रमजानच्या आधी मधुमेही लोक डॉक्टरकडे जाऊन सहेरी-इफ्तारप्रमाणे गोळ्यांची मात्रा आणि वेळ ठरवून घेतात. ही रीत नवरात्राच्या उपवासाला आणि नव्या आहाराला का लागू होऊ नये?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या सगळ्या चर्चेत सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द 'इच्छाशक्ती'. लोकांना तोंडावर ताबा नाही, म्हणून शुगर वाढते. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. लग्नात बुंदीचा दुसरा लाडू मी स्वतः घेतलाय, कुणी बंदूक लावली नव्हती. पण ताबा ठेवायला समोर दुसरं काही असावं लागतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तर फुकट. तो कायदा झाला नसता तर आमच्या भागात काय झालं असतं याची कल्पना करवत नाही, भूक काय असते ते आमच्या आईबापांनी बघितलंय. पण ते पाच किलो म्हणजे गहू आणि तांदूळ. क्वचित कधी ज्वारी. डाळ नाही. म्हणजे राज्यकर्त्यांनी ताटाचा पिष्टाचा अर्धा भाग मोफत केला आणि प्रथिनांचा अर्धा भाग किराणा दुकानाच्या भावावर सोडला. ज्या बाईच्या हातात आठवड्याचा रोज पडतो ती काय करेल? फुकट मिळतं त्यानं पोट भरेल आणि डाळीत पाणी वाढवेल. आमच्या आत्याच्या घरी सहा माणसांच्या वरणाला शंभर ग्रॅम डाळ पडते. माणशी सतरा ग्रॅम, म्हणजे साडेतीन ग्रॅम प्रथिनं. तेही वरचं निवळ पाणी आत्याच्या वाट्याला, कारण ती शेवटी जेवते. बाप्ये आणि लेकरं उठल्यावर तव्याशेजारी भाकरी आणि ठेचा उरतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिच्या इच्छाशक्तीची परीक्षा घेणाऱ्यांनी आधी तिचं ताट बघावं.

आणि हे कुठे घडतंय बघा. देशभरात डाळ जिथून जाते त्या लातूरच्या आसपास. निलंग्याकडच्या बोरसुरीच्या तुरीला मानांकन आहे. लाखो हेक्टरवर सोयाबीन आहे, ज्याच्या दाण्यात ज्वारीच्या साडेतीनपट प्रथिनं. तेल मिलला जातं आणि पेंड कोंबड्यांना, जनावरांना. हरभरा मोंढ्यावर जातो. दुष्काळी तालुक्यांत साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. २०१६ मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. शेतकऱ्यानं ऊस लावला म्हणून मी त्याला दोष देत नाही, ज्याला हमीचा भाव आणि ठरलेला गिऱ्हाईक आहे ते पीक तो लावणारच. पण डाळ पिकवणाऱ्या मुलखात डाळ पातळ होते आणि साखर घट्ट होते, यात त्या आत्याच्या जिभेचा काय दोष?

ताट बदललं की शरीर कसं बदलतं याचे दाखले इतिहासात आहेत, आणि त्यात इच्छाशक्तीचा वाटा फार थोडा दिसतो. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा दिला, शहरात अन्नाचा तुटवडा पडला, आणि बूशार्दा नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्यांच्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी होतेय. नव्वदीच्या दशकात सोव्हिएत मदत बंद झाल्यावर क्यूबाचं सगळं राष्ट्र बारीक झालं. पेट्रोल नव्हतं म्हणून लोक सायकलवर आले, खाणं घटलं, आणि पुढच्या काही वर्षांत मधुमेहानं आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू उतरले. परिस्थिती सुधारली, खाणं वाढलं, वजनं परत चढली आणि मधुमेहही. त्या लोकांचा निग्रह आधी वाढला आणि मग ढळला, असं कुणी म्हणेल का? हे दाखले देताना मला भूक हे औषध म्हणून सुचवायचं नाही. ज्या मुलखानं बहात्तर पाहिलाय तिथे तसं म्हणायला जीभ रेटणार नाही. पॅरिसचे ते रुग्ण सुखवस्तू, खाऊनपिऊन असणारे होते. आमच्याकडची भूक गर्भातल्या पोरांपर्यंत पोचली. पण लाखो माणसांचं ताट एकदम बदलतं ते धोरणानं आणि बाजारानं बदलतं, हे यातून घ्यायचं.

कुणी म्हणेल, सरकारनं डाळ द्यायची तर पैसा कुठून? तमिळनाडू २००७ पासून रेशनवर महिन्याला किलोभर तूरडाळ ३० रुपयांना देतंय. ते श्रीमंत राज्य आहे म्हणावं, तर महाराष्ट्र काय गरीब आहे? आपण मधुमेहाचा पैसा देतच आहोत, फक्त तो डायलिसिसच्या खुर्चीवर, डोळ्यांच्या पडद्यावर आणि कापलेल्या पायावर देतोय. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे, उपकेंद्रात गोळ्याही मिळतात. तिथे तपासणी करणारी बाई आत्याच्या ओळखीची आहे, मायाळू आहे. पण तिच्याकडे आहाराचा सल्ला एका ओळीचा आहे: भात बंद, गोड बंद. बंद काय ते सांगितलं. चालू काय करायचं, त्याचे पैसे कुठून, हे सांगायला तिला कुणी शिकवलेलंच नाही. चार भाकऱ्यांच्या दोन केल्यावर सहा वाजता पोटात पडणारा खड्डा कशानं भरायचा, हे न सांगता तिनं आत्याला परत पाठवलं, आणि आत्यानं तो खड्डा चहा-बिस्किटानं भरला. तेव्हा माझी मागणी साधी आहे. रेशनवर माणशी किलोभर डाळ किंवा हरभरा. रब्बी ज्वारीची आणि तुरीची खरेदी त्याच जिल्ह्यात, त्याच जिल्ह्याच्या रेशनसाठी. उपकेंद्रातल्या बाईला आठ दिवसांचं प्रशिक्षण, मराठवाड्याच्या ताटाचं, शहरी ताटाचं नव्हे. ओट्स आणि ब्रोकोलीचे तक्ते आमच्या कामाचे नाहीत. भज्जी कामाची आहे. येळवशीच्या त्या भगुल्यात ओली तूर, वाटाणा, वाल, हरभरा, मेथी, कांद्याची पात, बेसन सगळं होतं. ताटात भज्जी जास्त आणि उंडा अर्धाच असा घास वर्षातून एका दिवसाऐवजी आठवड्यातून चार दिवस पडला तर ती थोरल्याच्या आणि धाकट्याच्या दोन्ही व्हिडिओंच्या पुढची गोष्ट ठरेल. पण ओल्या दाण्यांचा हंगाम दोन महिन्यांचा. उरलेल्या दहा महिन्यांची वाळलेली डाळ घरात यायला हवी.

आत्याचं आता काय चाललंय ते सांगतो. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड काढलं, मेटफॉर्मिन ठेवलं. ती एका वेळी एकच भाकरी खाते, दुपारी चारला मूठभर भाजलेले हरभरे आणि ताक घेते, आणि सगळ्यांच्या आधी जेवत नसली तरी सगळ्यांसोबत बसते. हे शेवटचं जमवायला घरात दोन आठवडे कुरबुर झाली. तिची तीन महिन्यांची शुगर ९.१ होती, ती ७.४ झालीय. गोळी सुटलेली नाही, कदाचित सुटणारही नाही. या वर्षी तुरीची रास झाली तेव्हा तिनं एक पोतं मोंढ्यावर जाऊ दिलं नाही. भाव चढा होता, पोरानं समजावलं, उसनवारी फेडायची आहे म्हणाला. ती पोत्यावर बसून राहिली. मग जात्यावर भरडून, उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून तिनं ती डाळ कणगीत भरली आणि वरून शेणानं लिंपून घेतली.